दैवशालासाठी गाडी

दैवशालाला गाडी लागायची. आता गाडी कुणाला लागत नाही? पण दैवशालाचं लागणं म्हणजे साधंसुधं काम नव्हतं बरं का. वडीगोद्रीहून जालना काही परदेशात नाही, मध्ये अंबड लागलं की अर्धी वाट सरली. पण तेवढ्या वाटेत ही बाई चार वेळा गाडी थांबवायची. कोणत्या वळणाला पोटात ढवळतं, कोणत्या पुलावर तोंडाला पाणी सुटतं, कोणत्या लिंबाखाली उतरायचं, सगळं तिला पाठ. एसटीचे कंडक्टर तिला ओळखायचे. तिकीट फाडायच्या आधीच "मावशी, खिडकी धरा" म्हणून सांगायचे.

लोक हसायचे, घरचे हसायचे, तीही हसायची. "माझं आतडं गावातच ऱ्हातंय, मी एकटीच गाडीत बसते," असं स्वतःच सांगून मोकळी व्हायची. पण एक गोष्ट तिला आतून खात होती. तिची एकुलती एक लेक मीना दातांची डॉक्टर झाली, संभाजीनगरला पदवी द्यायचा कार्यक्रम झाला, तेव्हा ही माउली बाहेर जीपमध्ये ओलं फडकं डोक्यावर घेऊन आडवी पडली होती. पदवी तिनं फोटोत बघितली. त्या दिवशी ती कुणासमोर रडली नाही, पण पुढं कित्येक दिवस तो फोटो समोर आला की नजर दुसरीकडं वळवायची.

आणि आता मीनाचा जालन्यात दवाखाना उघडायचा होता. तिनं फोनवर सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, "फीत आईच कापणार. आई चांगली उभी राहून कापणार. त्यासाठी काय पायजे ते करा." शिवाय एवढ्यावर भागणार नव्हतं. दवाखाना शहराच्या एका टोकाला, जेवण मीनाच्या सासरी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये बायकांना साड्यांच्या बाजारात फिरायचं होतं. म्हणजे दिवसभर गाडीतून चढ-उतार. दैवशालाला नुसतं ऐकूनच मळमळलं.

तिचा नवरा भागवत मोठा उत्साही माणूस. त्यानं छाती पुढं काढून जाहीर केलं, "जीप न्हाई, एसटी बिलकुल न्हाई. ड्रायव्हरसकट मोठी लक्झरी गाडी करायची. गाडी जितकी मोठी तितकं पोट शांत!"

"हे कुणी सांगितलं तुमाला?" दैवशालानं विचारलं.

"सांगायला कामून पायजे? समजतंय की."

पण घरात भागवतच्या समजण्यावर काही ठरत नव्हतं. ठरवायचे ते थोरले भाऊ राधाकिसन. सगळं घर त्यांना दादा म्हणायचं. सत्तरीला आलेला, ताठ कण्याचा, मोसंबीच्या बागेत स्वतः फिरणारा माणूस. बैल घ्यायचा तर त्याच्यामागं कोसभर चालून बघणार, तेव्हा कुठं हो म्हणणार. दैवशाला त्यांची धाकटी भावजय. लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली, पण या थोरल्या दिराशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, त्यांच्याकडं पाठ करायची नाही. दादांना काही सांगायचं तर ते जाऊबाईंना, जयवंताबाईंना सांगायचं, आणि दादांना तिला काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडं बघून म्हणायचे, "मीनाच्या मायला सांगा." राग नव्हता हो कुणाचा कुणावर. रीत होती, आणि दोघंही ती इमानानं पाळत होते.

दादांनी निकाल दिला, "गाडी डोळ्यांनी बघून घ्यायची. फोनवर बैल घेतला का कधी आपण?"

जालन्याचा सोमेश्वर गाड्या भाड्यानं द्यायचा. तो म्हणाला, शहागडला पाहुणे सोडायचेच आहेत, येताना दोन्ही गाड्या दाखवून जातो. त्याप्रमाणे एका सकाळी वडीगोद्रीच्या स्टँडजवळ, हायवेच्या कडेला, दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. एक काळी, एक पांढरी. काळी नवी कोरी, सोमेश्वर स्वतः चालवत होता. पांढरी दोन-तीन वर्षं वापरातली, तिच्यावर बुद्धभूषण नावाचा ड्रायव्हर होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, कमी बोलणारा. बघता बघता निम्मं गाव गोळा झालं. कुणी टायर दाबून बघितलं, कुणी आरशात मिशी बघितली.

सोमेश्वरनं काळ्या गाडीचं गुणगान सुरू केलं. वरती काच उघडते, तिन्ही ओळींना एसी, मधल्या सीटा राजाच्या गादीसारख्या, रात्री छताला निळे दिवे लागतात. भागवतचा जीव तिथल्या तिथं गाडीत अडकला.

"आपल्याला दिवसा जायचंय," जयवंताबाई म्हणाल्या, "निळे दिवे घेऊन काय करायचं?"

"बघायला तर मिळतील, वहिनी!"

"बसून बघा ना," सोमेश्वर म्हणाला. "एक चक्कर मारू."

बसायचं म्हणजे कसं, ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. दादा पुढं, ड्रायव्हरशेजारी; तो मानाचा माणूस. मधल्या दोन गाद्यांवर गडी माणसं. बायका मागं. मधली सीट दुमडून, वाकून, पदर सांभाळत दैवशाला शेवटच्या ओळीत जाऊन बसली. गुडघे हनुवटीला लागले. मागची काच उघडतच नव्हती. आणि आतमध्ये सेंटाचा असा घमघमाट, की एखाद्या वरातीत मध्यभागी उभं केल्यासारखं झालं. काळी गाडी मोठ्या झोकात निघाली, आणि दुसऱ्या किलोमीटरला दैवशालानं पिशवी तोंडाशी धरली.

परत आल्यावर ती उतरली ती चेहरा पांढरा पडूनच. लोक बाजूला झाले. कुणीतरी मागून म्हणालं, "एवढ्या मोठ्या गाडीत पण लागली बया!" आणि हशा पिकला. या वेळी मात्र दैवशाला हसली नाही.

"मी न्हाई येत," ती जयवंताबाईंना म्हणाली. "तुमी सगळे जा, आक्का. मी गेले तर लेकीच्या दवाखान्यात पहिली ओकारी माझीच व्हायची. फीत तुमी कापा."

ती हे हळूच बोलली होती, पण दादांनी ऐकलं. ते दुसऱ्या गाडीकडं बघत उभे राहिले, मग म्हणाले, "आधी चहा घेऊ." सगळी मंडळी समोरच्या हॉटेलात गेली.

दैवशाला मात्र गाडीला टेकून बाहेरच थांबली. बुद्धभूषणनं ते बघितलं. त्यानं पांढऱ्या गाडीचं पुढचं दार उघडलं, काच खाली केली आणि पाण्याची बाटली पुढं केली. "बसा मावशी वाऱ्याला. कुणी नाही गाडीत."

खरंच कुणी नव्हतं. दादा नव्हते, म्हणून ती बसली. सीट मागं सरकवलेली, पाय मोकळे, वारा तोंडावर. जरा बरं वाटतंय न वाटतंय, तोच मागून एसटीनं भोंगा ठोकला. गाडी स्टँडच्या तोंडाशीच उभी होती. एसटीवाला काही थांबायला तयार नाही. बुद्धभूषणला गाडी पुढं काढावी लागली, आणि एकदा हायवेला लागल्यावर मध्ये डिव्हायडर! वळायचं तर पार पुढचा कट गाठल्याशिवाय इलाज नाही. गाडी निघाली की दैवशालाला घेऊन.

हॉटेलातून भागवतनं बघितलं आणि त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "अहो, तिला कुठं घेऊन चालला तो? ती आत्ताच ओकलीय!"

पंधरा मिनिटांनी गाडी परत आली. भागवत फडकं, पाणी, लिंबू घेऊन धावत पुढं. दार उघडलं आणि दैवशाला उतरली. चेहऱ्यावर चांगला रंग आलेला, पदर वाऱ्यानं विस्कटलेला, आणि ओठावर हसू मावत नव्हतं.

"लागली न्हाई," ती म्हणाली. "येक थेंब न्हाई! मी रस्ता बघत होते. तो पूल आला, गेला. मला काही झालंच न्हाई हो!"

मग काय विचारता! स्टँडवर जल्लोष. सोमेश्वर लगेच सांगायला लागला की पांढऱ्या गाडीचे खालचे स्प्रिंगचे पाटे कसे मऊ आहेत. भागवत म्हणाला, मला पहिल्यापासून पांढरीच आवडली होती. आणि दादांनी पांढऱ्या गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला आणि म्हणाले, "मीनाच्या मायला जी गाडी लागत न्हाई, तीच आपली गाडी. ही ठरली."

एका माणसाच्याही डोक्यात आलं नाही, की बाई पुढं बसली होती. येणार कसं? पुढची जागा दादांची. बायको-भावजय तिथं बसते हे त्या घरानं कधी बघितलेलंच नव्हतं. त्यामुळं गुण सगळा गाडीच्या पदरात पडला.

दैवशालाला मात्र तिथंच उभ्या उभ्या कळलं. समोर रस्ता दिसत होता, काच उघडी होती, पाय मोकळे होते, म्हणून लागली नव्हती. बत्तीस वर्षं ती मागच्या बाकड्यावर बसून ओकत होती आणि सगळे तिच्या पोटाला नावं ठेवत होते! पण हे सांगायचं कुणाला? दादांना उठवून मी पुढं बसते, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? बुद्धभूषणनं जाता जाता तिच्याकडं बघितलं. त्यालाही कळलेलं होतं. "त्या दिवशी पुढंच बसा मावशी," तो हळूच म्हणाला. दैवशालानं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

फीत कापायचा दिवस उजाडला. भागवतची बहीण नंदाबाई आणि तिचे मालक तातेराव वाटूरहून आदल्या दिवशीच आले होते. चाकासमोर नारळ फुटला. दादा फेटा बांधून पुढं बसले. मधल्या सीटांवर तातेराव आणि भागवत, म्हणजे जावई माणूस आणि त्याची सरबराई करायला मेहुणा. मागं जयवंताबाई, नंदाबाई आणि कोपऱ्यात हिरवं लुगडं नेसलेली दैवशाला. हातात तीन पिशव्या, कंबरेला आल्याचा तुकडा, आणि मनात देवाचा धावा.

"आज चिंताच न्हाई," भागवत मागं वळून म्हणाला. "गाडी बराबर निवडलीय."

अंबडच्या अलीकडंच तिच्या कानामागं घाम फुटला. तोंडाला पाणी सुटलं. तिनं डोळे मिटले, आलं चावलं, नाक दाबलं. डोळ्यांसमोर तोच फोटो आला, मीना पदवी घेऊन उभी आणि आई नाही. आजही तेच होणार. लेक दारात उभी राहील, फीत बांधलेली असेल, आणि आई गाडीत आडवी. कशासाठी? एका सीटसाठी? दैवशालाला एकदम स्वतःचाच राग आला.

"दादा!"

 जयवंताबाईंनी चमकून जावेकडं बघितलं. पुढं बसलेल्या राधाकिसनांची मान हलली नाही. हा आवाज आपल्याला हाक मारतोय, हे त्यांना उमगायलाच वेळ लागला.

"दादा, गाडी थांबवा. मला पुढं बसायचंय."

"अगं ए!" भागवतच्या तोंडचं पाणी पळालं. "काय बोलून राह्यलीस?"

"बोलू द्या मला. न्हाईतर तोंडातून दुसरंच बाहेर यील." दैवशालानं समोरची सीट घट्ट धरली. "त्या दिशी ही गाडी लागली न्हाई, कारण मी पुढं बसल्ते. गाडीचा गुण न्हाई दादा, जागेचा हाय. आज मला लेकीच्या दारात पायावर उभं ऱ्हायचंय. माझी काय चूक झाली असंल तर उद्या रागवा."

बुद्धभूषणनं कुणी सांगायच्या आतच गाडी कडेला घेतली होती. दादा उतरले. फेटा सावरला.  त्यांनी मागचं दार उघडलं, भिंतीकडं नाही, मैलाच्या दगडाकडं नाही, सरळ भावजयीकडं बघितलं.

"कामून सांगितलं न्हाई आधी?"

"तुमच्याकडं पाठ करून कसं बसू, दादा?"

"बत्तीस वर्षं तू आमच्या पाठी बघत आलीस," दादा म्हणाले, "एक दिवस आमी तुझी बघितली तर काय आभाळ कोसळतंय? उतर खाली. जल्दी."

ती उतरली. भागवत आपली मधली सीट सोडायला लागला, तर दादांनी त्याला खाली दाबलं. "तू पाहुण्यांपाशी बस. तिची जागा रिकामी झालीय ना? मंग मी तिथं बसतो. बघू तरी काय असतंय तिथं एवढं."

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण! सत्तर वर्षांचा ताठ माणूस, फेट्यासकट वाकून शेवटच्या ओळीत शिरला. गुडघे हनुवटीला लागले. काच उघडायला गेले तर ती उघडेना.

इकडं दैवशाला पुढं बसली आणि अंबड मागं पडलं. उघड्या खिडकीतून वारा, दोन्ही बाजूंना कपाशीची पांढरी शेतं, समोर लांबच लांब सरळ रस्ता. बाई नुसती बघत होती. "हे गाव इथं हाय व्हय?" "आगं बाई, केवढं तळं!" आयुष्यभर या वाटेनं गेली, पण डोळे मिटून गेलेली. आज वाट पहिल्यांदाच दिसत होती. बुद्धभूषण एकेक गावाचं नाव सांगत होता आणि ती लहान पोरीसारखी मान वळवत होती. तिला इतका आनंद झाला, की मागं काय चाललंय याचं भानच राहिलं नाही.

 मागं दादांनी आधी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग जयवंताबाईंना हळूच म्हणाले, "इथं वारा कमी हाय का?" जालन्याच्या वेशीत पहिलं वळण आलं, दुसरं आलं, सिग्नलला गाडी कचकन थांबली, आणि दादांनी दैवशालाची सीटवर राहिलेली पिशवी उचलली.

"आगं बया!" नंदाबाई ओरडली. "दादाला लागली!"

दवाखान्यासमोर मीना तयारच उभी होती. एका हातात लिंबाचं सरबत, दुसऱ्या हातात ओला नॅपकिन. गाडी थांबताच ती सवयीनं मागच्या दाराकडं धावली. "आई, हळू उतर, डोकं खाली घाल," म्हणत दार उघडलं, आणि आत दादा. चेहरा पिवळा, डोळे मिटलेले, मांडीवर फेटा. मीनाचा हात सरबतासकट हवेतच राहिला.

"मी इकडं हाय गं," पुढून आवाज आला.

मीनानं वळून बघितलं. आई दोन्ही पायांवर उभी होती. हिरव्या लुगड्याला एक चुणी नाही, कपाळाचं कुंकू जागच्या जागी. मीनानं सरबताचा ग्लास बुद्धभूषणच्या हातात कोंबला आणि रस्त्यातच आईच्या गळ्यात पडली. भर रस्त्यात डॉक्टरीणबाई रडत होत्या आणि हसत होत्या. दैवशालाचंही तेच चाललं होतं.

गुरुजी घाई करायला लागले. मुहूर्त टळत होता, पाहुणे दारात दाटले होते. भागवतनं कात्री पुढं केली. "चल, काप. दादा पडू दे जरा वेळ गाडीत, मागून येतील."

"न्हाई," दैवशाला म्हणाली.

"आगं, मुहूर्त!"

"मुहूर्त थांबंल. गाडीत पडून राह्यलेलं माणूस बाहेर सोडून मी फीत कापणार न्हाई. मला म्हाईत हाय तिथं कसं वाटतंय ते."

ती स्वतः गाडीपाशी गेली. बुद्धभूषणच्या हातातलं सरबत घेतलं, ओल्या नॅपकिननं दादांचा घाम टिपायला जयवंताबाईंना सांगितलं आणि ग्लास दादांच्या हातात दिला. "दमानं घोट घ्या. लांब बघा, जमिनीकडं बघू नका. थांबते मी."

दादांनी दोन घोट घेतले. दैवशालाकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काही सगळं ओकारीचं नव्हतं.

"असं व्हायचं तुला?" ते म्हणाले. "दर वेळी?"

"व्हय, दादा."

"आन् आमी हसायचो."

दैवशालानं ग्लास परत घेतला.  ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते काही खोटं नाही. दादा उतरले, तिनं आणि जयवंताबाईंनी दोन्हीकडून हात दिला, आणि तिघं मिळून पायऱ्या चढले. दाराशी पोहोचल्यावर दादांनी फेटा नीट डोक्यावर चढवला आणि गुरुजींना म्हणाले, "आता होऊ द्या." दैवशालानं कात्री चालवली. फीत एका झटक्यात तुटली आणि अशा टाळ्या वाजल्या, की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. तिनं सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, एकेकाकडं, दमानं. तिला कसलीच घाई नव्हती.

चहा-पेढे झाले. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, मीनाच्या सासरी जेवायला जायचं होतं. मंडळी गाडीपाशी आली आणि सगळी बाहेरच घुटमळली. आधी कुणी बसायचं, कुठं बसायचं, कुणालाच सुचेना. जुनी रीत मोडलेली आणि नवी अजून ठरायची होती.

दादांनीच पुढं होऊन पुढचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले.

"बस, दैवशाला."

बत्तीस वर्षांत त्यांनी तिचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.  ती बसली, पदर सावरला, काच खाली केली आणि बाहेर डोकं काढून एकेकाकडं बघितलं.

"दादा, तुमी मधल्या सीटवर बसा, खिडकीपाशी. तातेराव पाहुणे, ते शेजारी. आक्का, नंदाबाई मागं बसतील, आपण बाजारापासून जागा पालटू." मग तिची नजर भागवतवर थांबली. "आन् तुमी. गाडी जितकी मोठी तितकं पोट शांत, असं म्हणणारे तुमी. मागं, कोपऱ्यात."

"मी?" भागवतनं आशेनं थोरल्या भावाकडं बघितलं. दादांनी आपली सीट दुमडून त्याला वाट करून दिली.